टक्सिडो आणि सोलापूरचा उन्हाळा: लॉनवरच्या रिसेप्शनसाठी कोट कसा निवडायचा, कुठून घ्यायचा

एप्रिल-मे मधे सोलापुरात दुपारी पारा ४२-४३ ला जातो, लग्नाच्या तारखा पण नेमक्या तेव्हाच, रिसेप्शन आता हॉलपेक्षा लॉनवर जास्त, आणि नवरदेवाला हवाय टक्सिडो, म्हणजे इंग्रजी पद्धतीचा संध्याकाळचा खास कोट-पँट. घरातली मोठी माणसं म्हणणार "उन्हाळ्यात कोट घालून मरतोस का रे", दुकानदार म्हणणार "काय होत नाही ओ मालक, एकदम लाइट कापड आहे". टक्सिडो इथल्या उन्हाळ्यात घालता येतो, पण तो बाहेरून बघून पसंत करायचा आणि आतून बघून विकत घ्यायचा, आणि बहुतेक जण आत बघतच नाहीत. पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी क्रमाने लिहितोय. ज्यांना सूट शिवून घ्यायची सवय आहे त्यांनी सरळ अस्तराचा भाग वाचला तरी चालेल.

आधी वेळ ठरवा, मग कोट

टक्सिडो हा संध्याकाळचा पोशाख आहे, मुळापासूनच. १८६५ मधे इंग्लंडच्या प्रिन्स ऑफ वेल्सने लंडनच्या हेन्री पूल या टेलरकडून रात्रीच्या जेवणासाठी शेपटीवाल्या लांब कोटाऐवजी आखूड कोट शिवून घेतला, आणि १८८६ च्या आसपास न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्क वसाहतीत तशा कोटाची टूम निघाली. दुपारी ऊन डोक्यावर असताना हा घालायचाच नसतो, आणि हे आपल्या एकदम सोयीचं आहे.

म्हणजे साडेबाराच्या अक्षता असतील तर विधीला धोतर-उपरणं नाहीतर सुती कुर्ता, आणि टक्सिडो फक्त रिसेप्शनला. मे च्या मध्यात सोलापुरात सूर्य मावळतो पावणेसात ते सातच्या दरम्यान, त्यानंतर अर्धा-पाऊण तास तरी जमीन गरमच असते, खास करून लॉनवर जिथं पेव्हिंग ब्लॉक घातलेत तिथं. हिरवळ लवकर निवते, ब्लॉक आणि सिमेंट निवत नाही. म्हणून पत्रिकेत "सायं. ६ पासून" छापायच्या आधी विचार करा, साडेसात छापलं तर कोटाचं अर्धं टेन्शन तिथंच संपतं. लॉन बुक करताना स्टेज कुठल्या दिशेला आहे तेही विचारा, पश्चिमेकडे तोंड असेल तर सातपर्यंत ऊन थेट तोंडावर, आणि स्टेजच्या मागं फ्लेक्स आणि पडदे लावून सगळी हवा बंद केलेली असते ती वेगळीच.

अजून एक गोष्ट आपल्या बाजूने आहे. आपला उन्हाळा कोरडा आहे, मुंबईसारखा चिकचिक नाही, त्यामुळे आलेला घाम उडून जातो आणि अंग थंड होतं, अट एवढीच की कपड्यातून हवा जायला पाहिजे. स्टेजच्या बाजूला मोठा कूलर लावला तर तोही इथं मस्त चालतो कारण हवा कोरडी आहे. पण कोट जर हवाबंद असेल तर कूलर लावून पण काही उपयोग नाही, गार होणार ते फक्त तोंड.

टक्सिडो आणि काळा सूट एक नाही

दुकानात "टक्सिडो दाखवा" म्हटलं की बऱ्याचदा चमकदार कॉलरचा काळा सूट काढतात. फरक थोडक्यात असा. लॅपलवर म्हणजे कोटाच्या पुढे उलटलेल्या कॉलरच्या पट्टीवर सॅटिन किंवा बारीक रेघांचं ग्रोसग्रेन कापड असतं. बटण एकच असतं आणि तेही कापडाने मढवलेलं. खिशांना वरचे फ्लॅप नसतात, नुसती चीर दिसते. पँटला बाजूने सॅटिनची पट्टी असते, बेल्टचे लूप नसतात आणि खाली दुमड नसते. लूप नाहीत म्हणजे बेल्ट नाही, कमरेला आवळायच्या पट्ट्या म्हणजे साइड अ‍ॅडजस्टर किंवा आतून गॅलस, म्हणजे खांद्यावरून जाणारे पट्टे. टेलरकडे शिवायला टाकणार असाल तर हे सगळं कागदावर लिहून द्या, कारण हात सवयीने लूप लावून मोकळा होतो आणि मग उसवल्यावर खुणा राहतात.

लॅपलचे प्रकार तीन. टोकं वर गेलेला पीक, गोल वळणाचा शॉल, आणि नेहमीच्या सुटासारखा नॉच. बुटक्या किंवा पोट असलेल्या माणसाला पीक चांगला दिसतो, अंगकाठी उंच वाटते. शॉल बारीक मुलांना शोभतो. नॉच माझ्या मते टक्सिडोला घेऊच नये, मग सूटच का नाही घेतला असं वाटतं, पण तयार मालात तोच जास्त मिळतो हे खरं आहे.

रंग

काळा, मिडनाइट ब्लू, किंवा ऑफ-व्हाइट म्हणजे आयव्हरी. लाल, बाटलीच्या हिरव्या रंगाचे, वेलबुट्टीचे जॅकार्ड वगैरे पण मिळतात, ते बघून मन डगमगतं, आणि व्हेल्व्हेट तर दुकानातल्या एसीत फारच भारी दिसतं, पण मे महिन्यात व्हेल्व्हेट म्हणजे अंगावर सोलापुरी चादर घेऊन स्टेजवर उभं राहणं.

उन्हाळी आणि बाहेरच्या कार्यक्रमाला आयव्हरी कोट आणि काळी पँट ही जुनी, मान्य पद्धत आहे, १९३० च्या दशकात गरम हवेच्या ठिकाणी ती चांगलीच रुळली. अशा कोटाचं लॅपल पारंपरिक पद्धतीत सॅटिनचं नसतं, कोटाच्याच कापडाचं असतं. आपल्याकडे आयव्हरीवर काळं सॅटिन लॅपल लावलेले जास्त दिसतात, आवडत असेल तर घ्या, कुणी पकडून नेणार नाही. एक लक्षात ठेवा, सूर्य मावळल्यावर रंगाने गरम-थंड असा काही मोठा फरक पडत नाही. काळा म्हणून गरम हा उन्हाचा हिशोब आहे, रात्रीचा नाही.

आयव्हरीचा खरा प्रश्न वेगळाच आहे, तो म्हणजे आपलं लग्न. गळ्यात ताज्या फुलांचा हार, हळद-कुंकू लावलेल्या अक्षता, भेटायला येणाऱ्या मावश्या-आत्यांच्या बोटावरचं कुंकू, मित्रांचा फोमचा फवारा, आणि जेवणात तेलाचा लाल रस्सा. ओल्या गुलाबाचा आणि झेंडूचा डाग छातीवरच पडतो. म्हणून आयव्हरी घेणार असाल तर रिसेप्शनला हार घालणार की नाही हे दोन्ही घरात आधी बोलून घ्या, फुलवाल्याला हार कोरडा, पाणी न मारलेला द्यायला सांगा, आणि औक्षण कोट चढवायच्या आधी उरका. एवढी सगळ्यांना समजावणी करायची ताकद नसेल तर गुपचूप मिडनाइट ब्लू घ्या. तो रात्रीच्या लाइटमधे काळ्यापेक्षाही गडद दिसतो, आणि धूळ काळ्याइतकी दाखवत नाही. मला विचाराल तर आपल्याकडच्या लॉनसाठी तोच.

कापड: इथं घाई करू नका

दुकानात मिळणारे बरेचसे टक्सिडो टेरी-व्हिस्कोस म्हणजे पॉलिस्टर आणि व्हिस्कोसच्या मिश्रणाचे असतात. दिसायला ठीक, सुरकुत्या कमी, भाव कमी, पण पॉलिस्टर घाम शोषत नाही. ज्यांना परवडतं त्यांनी ट्रॉपिकल वूल बघावं. वूल म्हटलं की लोकांना स्वेटर आठवतो, पण ट्रॉपिकल वूल हे घट्ट पिळाच्या धाग्याचं, साध्या मोकळ्या विणीचं पातळ कापड असतं, वजन साधारण २०० ते २५० ग्रॅम प्रति चौरस मीटर, आणि ते घाम ओढून बाहेर सोडतं. वूल-मोहेअर (मोहेअर म्हणजे अंगोरा बकरीची लोकर) मिळालं तर अजून चांगलं, ते कडक पडतं, चुरगळत नाही आणि अंगाला चिकटत नाही. लेबलवर सुपर १००, सुपर १२० असे आकडे दिसतील, ते धाग्याच्या बारीकपणाचे आहेत, थंडाव्याचे नाहीत, त्यामुळे मोठा आकडा म्हणजे उन्हाळ्याला चांगला असं समजून जास्त पैसे देऊ नका. लिनन सगळ्यात हवेशीर खरं, पण दहा जणांच्या गळाभेटी झाल्या की कोपरात आणि पाठीला घड्या, फोटोत कोट घालूनच झोपून उठल्यासारखं दिसतं. वूल-लिनन मिश्रण मधला मार्ग आहे.

दुकानात तपासायचं कसं? कापडाचा एकच पदर तोंडाजवळ धरून फुंकर मारा आणि पलीकडे हात ठेवा, हवा हाताला लागली तर कापड श्वास घेतंय. मग ट्यूबलाइटकडे धरून बघा, बारीक बारीक उजेड दिसला पाहिजे. दुकानदार वूल म्हणून सांगतोय आणि शंका आली तर कापडाच्या कडेचा धागा मागून घ्या आणि बाहेर जाऊन जाळून बघा. वूल केस जळल्यासारखा वास मारतं आणि राख बोटाने चुरते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. मिश्रण असेल तर दोन्ही थोडं थोडं.

आता कोट उलटा करा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. कोट हॅंगरवरून काढा, आतली बाजू बाहेर करा. संपूर्ण पाठीला, बाह्यांना, सगळीकडे चकचकीत पॉलिस्टरचं अस्तर असेल तर बाहेरचं कापड कितीही भारी वूल असो, तुम्ही आत रेनकोट घातलेला आहे. उन्हाळ्यासाठी हाफ लायनिंग पाहिजे, म्हणजे खांद्यापाशी आणि बाह्यांत अस्तर, खाली पाठ मोकळी. बाह्यांत अस्तर लागतंच, नाहीतर शर्टावरून कोट चढत नाही. ते अस्तर व्हिस्कोसचं किंवा क्युप्रोचं घ्या, क्युप्रो बेम्बर्ग नावाने पण ओळखतात, दोन्ही घाम शोषतात. हाफ लायनिंग करायला टेलर जास्त पैसे मागतो, आणि ते बरोबर आहे, कारण आतल्या शिलाया उघड्या दिसणार म्हणून त्या पायपिंग करून साफ कराव्या लागतात. तेवढे द्या.

दुसरं, छातीचा भाग चिमटीत धरून बघा. स्वस्त कोटात पुढच्या सगळ्या भागाला आतून गोंदाचं फ्युजिंग इस्त्रीने चिकटवलेलं असतं, पुठ्ठ्यासारखं लागतं. त्यातून हवा कमी जाते, आणि हलक्या दर्जाचं फ्युजिंग दोन-चार ड्रायक्लीननंतर सुटून बुडबुडे येतात. कॅनव्हासच्या कोटात आतला थर चिकटवलेला नसतो, टाके घालून बसवलेला असतो, त्यामुळे बाहेरचं कापड आणि आतला थर चिमटीत वेगवेगळे सरकतात. फुल कॅनव्हास महाग पडतो, हाफ कॅनव्हास पुरेसा आहे, आणि बजेट नसेल तर निदान पातळ फ्युजिंग मागा. खांद्याला जाड पॅड पण नको, एक पातळ थर बास झाला. मुंढा म्हणजे बाही जोडतात तो घेर, तो उंच म्हणजे काखेच्या जवळ ठेवायला सांगा. लोकांना वाटतं सैल मुंढा म्हणजे मोकळं, प्रत्यक्षात मुंढा खाली असला की हात वर केल्याबरोबर अख्खा कोट वर येतो.

कुठून घ्यायचा आणि कधी

तयार बघायचा तर नवी पेठेत चालत फिरूनच अंदाज येतो, कापड घेऊन शिवायचं तर चाटी गल्ली आणि आसपास बघा. पुण्याला लक्ष्मी रोडला किंवा हैदराबादला जाऊन घेणारे पण पुष्कळ आहेत, पुणे अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशे, पण मग ट्रायलला परत जावं लागतं आणि लग्नघरात तेवढा वेळ कुणाला असतो. तयार घेणार असाल तर बाहेरगावहून आणा, शिवणार असाल तर गावातच, असं माझं मत.

साधा टेरी-व्हिस्कोसचा तयार सेट अंदाजे पाच ते दहा हजारात बसतो, चांगलं वूल असलेला पंधरा-वीसच्या पुढे. सप्टेंबर २०२५ पासून २५०० च्या वरच्या तयार कपड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे आणि कापडावर ५ टक्के, त्यामुळे भाव ठरवताना जीएसटी धरून का सोडून हे आधी विचारा, आणि कापड घेऊन शिवायचा हिशोब पण एकदा कागदावर मांडून बघा. ५८ इंची पन्ह्याचं कापड कोट-पँटला मिळून तीन ते सव्वातीन मीटर लागतं. कोट आयव्हरी आणि पँट काळी असेल तर कोटाला दोन मीटरच्या आसपास आणि पँटला सव्वा मीटर, वेगवेगळं घ्या, आणि लॅपलचं सॅटिन टेलरवर सोडू नका, स्वतः मॅट बघून घ्या. मोबाइलचा फ्लॅश मारून एक फोटो काढा, पांढरा चट्टा आला तर ते सॅटिन नको.

शिवायला टाकायचा तर लग्नाच्या दोन महिने आधी. आपलं गाव युनिफॉर्मचं, एप्रिल-मे मधे चांगले कारागीर जूनच्या शाळांच्या ऑर्डरीत अडकलेले असतात आणि वर लग्नसराई. २०२६ मधे तर १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे लग्नं सगळी त्याच्या आधी दाटीवाटीने, टेलरकडे रांग अजून मोठी.

भाड्याने घेणं वाईट नाही. एकदाच घालायचं असेल तर शहाणपणाचंच आहे. पण भाड्याचे कोट टिकावेत म्हणून बहुतेक जाड पॉलिस्टरचे आणि फुल अस्तराचे असतात, आणि काखेतला वास घेतल्याशिवाय डिपॉझिट देऊ नका.

ट्रायल

आरशासमोर ताठ उभं राहून ट्रायल देऊ नका, नवरदेव त्या रात्री ताठ उभा नसतो. तो दीड-दोनशे वेळा वाकून पाया पडतो. म्हणून ट्रायल रूममधे खरंच वाका, पूर्ण खाली, पाठीला ताण येतो का आणि पँट मागून ओढते का बघा. दोन्ही हात वर करून हार घातल्यासारखं करा. मित्राला मिठी मारा. मग बसून बघा, स्टेजवरचे सोफे खोल असतात, बसताना बटण काढायचं आणि उठताना लावायचं ही सवय पण तेव्हाच लावा. पाठीला व्हेंट म्हणजे चीर नसणं हे टक्सिडोचं जुनं वळण, पण एवढं वाकायचं आहे आणि हवा पण पाहिजे, तर दोन्ही बाजूंना साइड व्हेंट घ्या, बिनधास्त.

बाकी मापं नेहमीचीच. खांद्याची शिलाई खांद्याच्या हाडावर संपली पाहिजे. मानेमागं कॉलर आणि शर्ट यात फट नको. बाहीतून शर्टाचा कफ अर्धा इंच दिसावा. उंची बसायची जागा झाकेल एवढी, हल्लीचे आखूड कोट वाकल्यावर फार वाईट दिसतात. पँट बेंबीपाशी बसणारी. आणि कमरेला आत दीड-दोन इंच मार्जिन ठेवायला सांगा, कारण माप दिल्यानंतर केळवणं सुरू होतात, आणि केळवणाला नाही म्हणता येत नाही.

शर्ट, बो, बूट वगैरे

शर्ट पांढरा, शुद्ध सुती, जमेल तेवढा पातळ. पुढे चुण्या असलेला घ्या, जाड पदराचा कडक पुढा उन्हाळ्यात नको. आत बनियन घालायचंच असेल तर कातडीच्या रंगाचं बिनबाह्यांचं, पांढरं बनियन पातळ शर्टातून ढळढळीत दिसतं. बो टाय काळा, लॅपलच्याच कापडाचा, हाताने बांधायचा जमला तर उत्तम, तयार घेतला तर निदान गळ्याभोवती पूर्ण पट्टी असलेला, क्लिपवाला घामाने सटकतो.

वेस्टकोट सोडून द्या. छातीवर कापडाचे अजून दोन थर कशाला? त्याऐवजी कमरबंद म्हणजे कमरेभोवतीचा चुण्यांचा रुंद पट्टा, चुण्यांची तोंडं वर करून. इंग्रज अधिकाऱ्यांनी आपल्याच उन्हाला वैतागून तो इथं असताना वेस्टकोटच्या जागी धरला होता, तर आपण का नाही.

बूट काळे, साधे, बिननक्षीचे ऑक्सफर्ड, लॉनला संध्याकाळी पाणी मारलेलं असतं त्यामुळे सोल चामड्याचा घेतला तर हिरवळीवरून घसराल, खाली रबर लावून घ्या. मोजे लांब, काळे, सुती.

त्या दिवशी

कोट गाडीत हॅंगरला लावून न्या, घालायचा तो स्टेजवर जायच्या पाच मिनिटं आधी, आणि त्याआधी पंख्याखाली बसून अंग पूर्ण कोरडं होऊ द्या. मेकअप रूममधे एक तास कोट घालून फोटोग्राफरची वाट बघत बसलात की मग पुढं काही खरं नाही. कोटाच्या खिशातला रुमाल शोभेचा आहे, घाम पुसायला करवल्याच्या खिशात सोलापुरी टर्किशचा छोटा नॅपकिन असू दे, टिपायचं, चोळायचं नाही. पाणी घोट घोट पीत राहा. मे मधे वळवाचा पाऊस संध्याकाळीच गाठतो, आधी धुळीचं वादळ आणि मग टपोरे थेंब, सॅटिनवर पाण्याचे डाग राहतात म्हणून कुणाला तरी मोठी छत्री आणि कोटाचं कव्हर सांभाळायला सांगून ठेवा. जेवायला बसताना कोट काढा. रस्सा वाढणारा पोरगा घाईत असतो.

रात्री घरी आल्यावर कोट लगेच प्लास्टिकच्या कव्हरमधे कोंबू नका, रुंद हॅंगरला लावून रात्रभर हवेशीर ठेवा, ओला असताना बंद केला तर बुरशी आणि वास. हळदीचा डाग असेल तर घरी साबण लावू नका, साबणाने तो लाल होतो आणि मग आई-मावशी सगळ्यांचे उपाय सुरू होतात. दोन-तीन दिवसांच्या आत ड्रायक्लीनला द्या, डाग कुठं आणि कशाचा आहे ते चिठ्ठीवर लिहून तिथंच टाचणीने लावा, आणि लॅपलवर डायरेक्ट इस्त्री फिरवू नका, वर सुती कापड टाकून करा, एवढं त्याला तोंडी पण सांगा.